माळ घातली, मासे सुटले. आता ताटात काय?

गणपतीला किंवा शिमग्याला मुंबईचा चाकरमानी गावाला येतो आणि पहिल्याच जेवणाला सांगतो, "वहिनी, मला मासे वाढू नको, मी सोडलं." घरात दोन मिनिटं कुणाला काय बोलावं कळत नाही. मग आई हळूच विचारते, "तब्येत बरी आहे ना रे?" कोकणातल्या बहुतेक वाड्यांत असा एखादा तरी घाटकोपरचा, मुलुंडचा, अंधेरीचा नाहीतर बोरिवलीचा माणूस आता निघतोच. कुणी माळ घातलेली असते, कुणाला डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, कुणाची सोसायटीच तशी असते, तर कुणाला कोंबडी कापताना बघवत नाही. कारण काहीही असो, सोडायला एक दिवस पुरतो. पण घराला त्याची सवय लागायला आणि शरीराचा हिशोब बसायला वर्षं जातात. सोडण्याचं कौतुक सगळे करतात, त्या पुढच्या हिशोबाचं मात्र कुणी बोलत नाही.

तसं पाहिलं तर शाकाहार आपल्याला नवा नाही. २०१४ च्या केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी निघाले होते. राहिलेल्या ६० टक्क्यांतही वार पाळणारे, एकादशी करणारे, श्रावण धरणारे भरपूर. कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यात श्रावण आला की ताजा मासा ताटातून आपोआप जातो. म्हणजे महिना-दीड महिना शाकाहारी राहायची सवय आपल्या घरांना आहेच. फसगत होते ती इथंच. "श्रावण पाळतो की आम्ही, त्यात काय एवढं," असं म्हणून माणूस जन्माचा नेम घेतो. श्रावणात शरीर आधीच्या साठ्यावर चालतं, आणि महिन्याभरानं परत बांगडा ताटात येतो. जन्माच्या नेमात तो परत येत नाही.

उपनगरात सोडण्याची कारणं

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० ला वेगळा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. घाटकोपर आणि मुलुंड कुर्ला तालुक्यात येतात. या पट्ट्यात एकाच रस्त्याच्या एका बाजूला देरासर आणि दुसऱ्या बाजूला मालवणी खाणावळ दिसते. अंधेरीच्या पश्चिमेला वर्सोव्याचा कोळीवाडा, बोरिवलीच्या खाडीपलीकडं गोराई, आणि मध्ये गुजराती-जैन वस्तीच्या उंच इमारती. गावात बहुतेक सगळे एकसारखं खातात. इथं शेजारी काय खातो यावरून सलोखाही होतो आणि भांडणही.

सगळ्यात जुनं आणि सरळ कारण म्हणजे माळ. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ गळ्यात पडते तेव्हा मांस-मद्य सोडण्याचा, एकादशी करण्याचा आणि वारीचा नेम घेतला जातो. गावाकडं "तो माळकरी आहे" असं म्हटलं की त्याला मटणाच्या पंगतीला बसवायचं नाही हे सगळ्यांना कळतं, वेगळं सांगावं लागत नाही. मुंबईत गावाच्या मंडळांतून, चाळीतल्या भजनातून, सप्ताहातून माळ घालणारे पुष्कळ. यात दारू सुटणं हा मोठा भाग असतो, आणि घरची बाई मासे सुटल्याचं दुःख त्यापुढं विसरते, हेही खरं.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे मुंबईचे डबेवाले. १८९० पासून चालत आलेल्या या धंद्यात बहुतेक माणसं मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या पुणे जिल्ह्यातल्या भागातली, आणि त्यातली कितीतरी वारकरी. गळ्यात माळ, डोक्यावर पांढरी टोपी आणि हातगाडीवर शेकडो डबे. त्या डब्यांत कुणाचं थालीपीठ असतं तसं कुणाचं सुकं मटणही असतं. आपण खात नाही म्हणून दुसऱ्याचा डबा नाकारायचा हे त्यांच्या रीतीत बसत नाही. आपला नेम आपल्यापुरता ठेवायचा, हे या लोकांनी भाषण न करता दाखवून दिलंय.

दुसरं कारण नाजूक आहे. उपनगरातल्या काही सोसायट्यांत मांस-मच्छी खाणाऱ्याला घर मिळणं कठीण जातं. उघड पाटी नसते, पण एजंट फोनवर आधी "व्हेज की नॉनव्हेज?" एवढंच विचारतो. एप्रिल २०२५ मध्ये घाटकोपरच्या एका सोसायटीत मासे-मटण खाण्यावरून मराठी रहिवाशांना हिणवल्याची तक्रार झाली, मनसेचे कार्यकर्ते तिथं पोहोचले आणि प्रकरण बातम्यांत गाजलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ प्रमाणं पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सोसायटीचं सभासदत्व नाकारता येत नाही. पण भाड्याच्या घराला हे कलम फार उपयोगी पडत नाही; मालक "घर द्यायचं नाही" म्हणतो, कारण सांगत नाही. मग लेकराची शाळा जवळ, स्टेशन जवळ, पाण्याची सोय चांगली म्हणून माणूस मान डोलावतो आणि घरात शिजवायचं बंद करतो.

अशा घरांत बहुधा काय होतं? घरात शाकाहारी आणि बाहेर मालवणी. रविवारी पोरांना घेऊन खाणावळीत सुरमईची थाळी खायची आणि हात लिंबानं घासून लिफ्टमध्ये शिरायचं. यात पाप काही नाही, पण याला शाकाहार म्हणू नये. धाकानं बंद केलेली चूल आणि मनानं सोडलेला घास यात फरक आहे. पहिल्यात माणूस कायम चिडलेला असतो आणि संधी मिळाली की दुप्पट खातो. आपल्याच बिऱ्हाडात चोरून सुकट भाजायची पाळी ज्याच्यावर आली त्यालाच ते कळेल.

आणखी एक कारण डॉक्टरांचं. रक्तातली चरबी वाढली, युरिक ॲसिड वाढलं, की डॉक्टर मटण कमी करा म्हणतात. घरी येईपर्यंत त्याचं "सगळं बंद" होतं. मटणाबरोबर बांगडाही जातो आणि त्याच्या जागी संध्याकाळी शेव-गाठिया, खमण आणि वडापाव येतो. वडापाव शंभर टक्के शाकाहारी आहे, पण त्यानं कुणाची चरबी उतरल्याचं ऐकिवात नाही. नेमकं काय बंद करायचं, मासे चालतील का, हे डॉक्टरांनाच परत विचारून घ्यावं.

ताटातून काय जातं

बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात साधारण १९-२० ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागं दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. जेवण मुख्यतः भात-भाकरीचं असेल तर एक ग्रॅम धरावं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम.

मासे सोडणाऱ्या घरात पहिली चूक हीच होते की माशाच्या जागी बटाटा येतो. नाहीतर फणसाची कुयरी, नाहीतर अळंबी. "चव अगदी मटणासारखी लागते," म्हणतात. लागत असेल, पण कच्च्या फणसात आणि अळंबीत प्रथिनं फार थोडी. उपासाचा साबुदाणा तर जवळपास नुसता पिष्ट. माशाची जागा भाजी घेऊ शकत नाही, ती कडधान्यानंच घ्यायला हवी.

आणि कडधान्य तर आपल्या कोकणाच्या मातीतलं आहे. कुळीथ, कडवे वाल, चवळी, काळे वाटाणे, मूग. कोरड्या १०० ग्रॅममागं यात २० ते २५ ग्रॅम प्रथिनं निघतात. शेंगदाण्यातही २५ च्या आसपास. सोयाबीनमध्ये ३५ च्या वर आणि सोयाबीनच्या वड्यांत त्याहून जास्त. हिशोब असा बसतो: दिवसाचा भात-भाकरी मिळून पाव किलो धान्य धरलं तर १८-२० ग्रॅम, दोन्ही वेळेला घट्ट उसळ किंवा आमटी, प्रत्येकी ४० ग्रॅम कोरड्या कडधान्याची, तर १८ ग्रॅम, एक पेला दूध आणि एक वाटी दही मिळून नऊ-दहा, मूठभर शेंगदाणे सात. पन्नाशी पार होते. यातलं घट्ट हा शब्द महत्त्वाचा. ज्या पिठीत भाताची शितं पोहताना दिसतात ती पिठी या हिशोबात धरू नये.

भातात प्रथिनांचा जो अंश कमी असतो तो डाळीत असतो आणि डाळीत कमी तो भातात. म्हणून पिठी-भात, मुगाची खिचडी, भाकरी-उसळ या जोड्या आजीच्या काळापासून बरोबरच आहेत.

एकदम उसळीवर आलेल्या माणसाचं पोट पहिले पंधरा दिवस ऐकत नाही. गॅस धरतो, जड वाटतं, आणि "मला कडधान्य सोसत नाही" असं म्हणून तो परत बटाट्याकडं वळतो. यावर उपाय घरातलाच आहे. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या, मोड आणा, नीट शिजवा, हिंग-आलं घाला. सुरुवात मुगानं करा, वाल-वाटाणे नंतर. आठवड्यातून दोनदा, मग चारदा, मग रोज. महिन्या-दोन महिन्यांत आतड्यांना सवय लागते.

चवीचंही असंच आहे. मासे सोडलेल्याला बहुतेक वेळा माशापेक्षा त्या आमटीची आठवण येत असते: तिरफळ, आमसुलं, ओल्या खोबऱ्याचं वाटण, भाजलेला मसाला. हे सगळं शाकाहारीच आहे. काळ्या वाटाण्याची मालवणी मसाल्यातली आमटी, ओल्या काजूची उसळ, तूरडाळीत तिरफळं ठेचून घातलेलं सांबारं. नेम मांसाचा आहे, मसाल्याचा नाही. मुलुंडच्या दहा बाय दहाच्या खोलीतही हे वाटण होतं, गावाहून मसाल्याचा डबा पोहोचला म्हणजे झालं.

लोहाचं थोडं सांभाळावं लागतं. पालेभाजी-कडधान्यातलं लोह शरीराला मांसातल्याइतकं सहज घेता येत नाही. जेवणात लिंबू, आवळा, पेरू असं काही आंबट असलं तर ते जास्त मुरतं. जेवणावर लगेच चहा प्यायला तर कमी. कामावरून सुटून ८.१२ ची लोकल पकडून आलेला माणूस जेवतो आणि चहा मागतो, ती सवय तासभर पुढं ढकलावी. बायकांना तर दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषांना १९. त्यामुळं घरात चौघं एकच ताट जेवत असली तरी तोटा आधी बाईला होतो. काटे चावून खाण्याची सुकी मासळी गेली की कॅल्शियमही कमी होतं. तिथं नाचणी उपयोगी पडते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या पासंगालाही नाही.

उशिरा येणारं बिल

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बी-१२ जीवनसत्त्वाची. हे जीवनसत्त्व बनवतात जिवाणू, आणि आपल्याला ते मिळतं मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतून. कडधान्य, भाज्या, फळं यांत ते भरवशाचं मिळत नाही. इडली-डोसा आंबवल्यानं मिळतं असं पुष्कळ जण सांगतात, त्यावर विसंबू नये.

गंमत अशी की शरीर याचा साठा यकृतात करून ठेवतं आणि तो दोन ते पाच वर्षं पुरू शकतो. म्हणून माळ घातल्यावर पहिली दोन-तीन वर्षं काही होत नाही. माणूस सांगत सुटतो, "बघा, सोडल्यापासून किती हलकं वाटतंय." आणि चौथ्या-पाचव्या वर्षी हाता-पायांना मुंग्या येतात, तळवे जळतात, जीभ लाल होते, जिना चढताना दम लागतो, विसरायला होतं. तोपर्यंत मासे सोडल्याचा आणि या मुंग्यांचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. वय झालं म्हणतात, नाहीतर बाहेरचं काही म्हणून अंगारा लावतात. मज्जातंतूंना झालेली इजा फार उशीर झाला तर पूर्ण भरूनही येत नाही.

हे दुखणं फक्त शहरातलं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधन पथकानं पुणे शहर आणि आसपासच्या खेड्यांतल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं. २००६ मध्ये त्याचे आकडे छापून आले: ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी होतं, आणि शाकाहारी माणसाला हा धोका मांसाहारी माणसाच्या चौपटीहून जास्त होता. याच पथकानं पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ पासून केला. त्यातही दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी आढळलं. आईच्या पोटात असताना कमी पडलं तर त्याचा परिणाम बाळावरही होतो. म्हणून घरात सून गरोदर असेल आणि घर शाकाहारी असेल तर ही तपासणी डॉक्टरांना स्वतःहून सांगून करून घ्यावी.

मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांना आणि पित्ताच्या गोळ्या रोज खाणाऱ्यांना बी-१२ आणखी कमी पडतं. उपनगरातला पन्नाशीचा चाकरमानी म्हणजे बहुधा माळ, मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी, तिन्ही एकत्र. त्यानं वर्षातून एकदा रक्तातलं बी-१२ बघावं. कमी निघालं तर गोळ्या किंवा इंजेक्शन असतात. किती आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. दूध-दही रोज घेणाऱ्याला धोका कमी, पण चहातल्या दोन चमचे दुधाला दूध म्हणत नाहीत. आणि जे दूधही सोडतात त्यांना गोळीशिवाय मार्ग नाही.

पाकिटावरचं वाचायची सवयही लावून घ्यावी लागते. हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका असेल तर शाकाहारी, तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण असेल तर मांसाहारी. अंडं घातलेला केकही याच दुसऱ्या खुणेत येतो. औषधाच्या बऱ्याच कॅप्सूलची टरफलं जिलेटिनची असतात, ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनतं. पण त्यासाठी कुणी चालू औषध बंद करू नये. डॉक्टरांना सांगितलं तर बरेचदा त्याच औषधाची गोळी मिळते.

एकानं सोडलं, राबतं कोण?

माळ घालतो नवरा आणि दोन वेळा स्वयंपाक करते बायको, हे चित्र बहुतेक घरांत दिसतं. त्याच्यासाठी वेगळा तवा, वेगळं पातेलं, वेगळा चमचा. आधी त्याचं आवरायचं, मग पोरांची कोलीम-सुकट. ती सकाळी भांडुपहून अंधेरीला कामाला जाणारी असेल तर विचारायलाच नको. ज्याचा नेम त्यानं निदान स्वतःची उसळ भिजत घालावी, स्वतःचा तवा घासावा. एवढं केलं तरी घरातली अर्धी कुरकुर संपते. आणि स्वतः सोडलं म्हणून पोरांचं अंडं बंद करू नये. वाढत्या मुलाला काय द्यायचं याचा निर्णय बापाच्या गळ्यातल्या माळेवरून होऊ नये. सगळं घरच शाकाहारी करायचं असेल तर आधी दूध, डाळ, शेंगदाणे यांची तरतूद करावी आणि मग.

गावाकडचा पेच वेगळाच असतो. गौरीला तिखटाचा नैवेद्य, देवाला राखणीचा कोंबडा, गावपळण, जत्रा. मान घराण्याचा असतो आणि मानकरी माळकरी होऊन बसलेला. यावरून भावकीत बोलाचाली होतात. काही घरांनी नारळावर भागवलंय, काही ठिकाणी मान धाकट्या भावाकडं दिलाय आणि माळकरी भाऊ लांबून हात जोडतो. दोन्ही रीती चालतात. चालत नाही ते एकच: मुंबईहून येऊन "हे सगळं बंद करा" असं अंगणात उभं राहून सांगणं. वर्षभर जे देव सांभाळतात त्यांना ते लागतं.

गावातल्या वहिनीनंही आग्रह सोडावा. "रस्सा तरी घे, तुकडा नको," हे प्रेमाचं असलं तरी माणूस अडचणीत येतो. त्याच्यासाठी कुळथाची पिठी घट्ट करावी, वालाचं बिरडं करावं.

आता धंद्याचं. भात कापल्यावर त्याच ओलीवर टाकलेले कुळीथ, वाल, चवळी शिमग्याच्या आसपास घरात येतात. पाऊण-एक गुंठ्यात घरापुरतं पेरून थांबायची आपली रीत. पण घाटकोपर-मुलुंडच्या बाजारात गावठी कुळीथ मागणारं गिऱ्हाईक हेच आपले चाकरमानी आहेत, आणि त्यांना खात्रीचा माल गावातूनच हवा असतो. शिमग्याला परतणाऱ्या एसटीत नाहीतर कोकण रेल्वेत पूर्वी सुकटीची पिशवी जायची. तिच्या जोडीला पाच किलो कुळीथ आणि दळून आणलेलं पीठ द्यायला सांगा. पैसे मागायला लाजू नका, तिकडं ते विकतच घेतात.